हलणारीं थडगीं

गेल्या दिवाळीच्या सुटींतील गोष्ट. फराळाचीं ताटें नुकतींच उचललीं गेलीं होतीं आणि मी आरामखुर्चींत पडून डोळे मिटण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत माझा नातू जवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, जगांतला सर्वांत वाईट सिनेमा पाहायचा आहे का तुम्हांला?"

मी चमकलों. आजवर मला पुष्कळांनीं पुष्कळ गोष्टींची शिफारस केली आहे. कोणीं रत्नागिरीच्या हापुसाची केली, कोणीं नव्या कादंबरीची केली, एका शेजाऱ्यानें तर गुडघेदुखीवरील तेलाची केली. परंतु सर्वांत वाईट आहे एवढ्याच गुणावर एखादी वस्तु कोणीं माझ्यापुढें ठेवल्याचें मला स्मरत नाहीं. बरें, हा मुलगा उनाड म्हणावा तर तसेंहि नाहीं. ज्या शाळेंत मीं तीस वर्षें मराठी शिकविलें, त्याच आपल्या शाळेंत तो नवव्या इयत्तेंत आहे आणि गणितांत बरे गुण मिळवितो. कुतूहलानें माझ्या झोंपेवर मात केली. मी उठून त्याच्या संगणकापुढें जाऊन बसलों.

बोलपटाचें नांव 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. म्हणजे अंतराळांतून आलेली नववी मसलत. एडवर्ड वुड नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तो १९५६ सालीं चित्रित केला. १९५७ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याचा एक खेळ झाला आणि सर्वत्र तो दिसूं लागला त्यानंतर. आरंभींच एक सद्गृहस्थ मेजामागें बसून आपल्याशीं बोलूं लागतात. हे क्रिस्वेल, त्या काळीं अमेरिकेंत भविष्यवादी म्हणून यांचा बराच बोलबाला होता. भविष्यकाळांत ज्या गोष्टी घडतील त्या भविष्यकाळींच आपणांस जाणवतील, अशा अर्थाचें एक विधान ते अत्यंत गंभीर मुद्रेनें करतात. आपल्याकडील कोणत्याहि ज्योतिष्याला इतकें बिनचूक भविष्य सांगतां आलें नसेल.

पुढें विमान येतें. विमानाची चालकांची खोली म्हणजे दोन खुर्च्या आणि मागें एक पडदा. पडदा तो कसला, तर न्हाणीघराला लावतात तसला. भिंतीवर ध्वनिग्राहकाची सांवली स्पष्ट पडलेली आहे आणि ती खुशाल हलते आहे. आकाशांत उडत्या तबकड्या डुगडुगत येतात. या तबकड्या मोटारीच्या चाकांवरील झांकणांच्या किंवा कागदी बशांच्या केल्या होत्या असें लोक पुष्कळ वर्षें सांगत आले. वस्तुतः तीं खेळण्यांच्या दुकानांत मिळणारीं, तुकडे जोडून तयार करावयाचीं प्लास्टिकचीं खेळणीं होतीं. पाठलाग सुरू होतो तेव्हां लख्ख ऊन असतें, वळण घेतांच मिट्ट काळोख होतो, आणि पुढच्याच क्षणीं पुन्हां ऊन पडतें. एक पोलीस अधिकारी हातांतील भरलेल्या पिस्तुलाच्या नळीनें आपली टोपी मागें सारतो व अंग खाजवितो! आणि तें स्मशान! तेथील थडगीं इतकीं हलकीं आहेत कीं, जवळून कोणी धांवत गेला कीं तीं माना डोलवितात. नातवानें तो भाग तीन वेळां मागें नेऊन दाखविला आणि तिन्ही वेळां आम्हीं दोघांनीं पोट धरून हंसून घेतलें. सूनबाई काय झालें म्हणून बाहेर डोकावून गेल्या.

परंतु हंसतां हंसतां एका गोष्टीकडे माझें लक्ष गेलें. हें सारें ज्यानें रचलें तो थट्टा करीत नव्हता. कथानक पाहा. परग्रहावरील लोक पृथ्वीवर येतात ते राज्य जिंकावयास नव्हे. मनुष्याच्या हातीं एकाहून एक भयंकर अस्त्रें येत चाललीं आहेत. उद्यां तो सूर्यकिरणांचाच स्फोट करणारें अस्त्र शोधून काढील आणि आपल्याबरोबर सारें विश्व जाळून टाकील, अशी त्यांना धास्ती आहे. मनुष्य त्यांचें ऐकत नाहीं. आठ मसलती फसल्यावर ते नववी काढतात: मेलेल्यांना थडग्यांतून उठवून चालावयास लावावयाचें, म्हणजे जिवंतांचे डोळे उघडतील. हिरोशिमावर १९४५ सालीं बाँब पडला होता, १९५२ सालीं हायड्रोजन बाँबची चांचणी झाली होती. केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानें १९४७ सालीं आकाशांत चमकत्या वस्तू पाहिल्याचें सांगितल्यापासून 'उडत्या तबकड्या' हा शब्द घरोघर पोंचला होता. त्या काळच्या माणसाच्या उशाशीं जी भीति रात्रंदिवस बसलेली होती, तिलाच या गृहस्थानें हात घातला होता. फक्त एवढेंच कीं, साऱ्या स्मशानांतून उठून आले ते अवघे तीन प्रेतात्मे. चौथ्याची मजुरी देण्याइतके पैसे बहुधा नसावेत.

पैसे कसे जमले हीहि एक कथाच आहे. बाप्टिस्ट पंथाच्या चर्चमधील दोघां सज्जनांनीं भांडवल पुरविलें. या बोलपटांतून मिळणाऱ्या नफ्यांत पुढें धार्मिक चित्रपट काढावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या इच्छेस मान देऊन मंडळींपैकीं कांहींजणांनीं बाप्तिस्माहि घेतला आणि मूळच्या नांवांत थडगीं लुटणाऱ्यांचा जो उल्लेख होता तो खटकल्यामुळें नांव बदलण्यांत आलें. एकंदर खर्च सुमारें साठ हजार डॉलर आला असें सांगतात. याच १९५६ सालीं हॉलिवुडमधील एका बड्या संस्थेनें 'फॉरबिडन प्लॅनेट' नांवाचा परग्रहावरील बोलपट काढला. त्यांतील एका यंत्रमानवाच्या सांगाड्यावरच लाखाहून अधिक डॉलर खर्च झाले होते. म्हणजे शेजारच्या वाड्यांत नुसतें तोरण बांधावयास जो खर्च आला, त्याच्या निम्म्यांत याला सारें लग्न उरकावयाचें होतें.

याच बोलपटांत एक वृद्ध नट आहे. घराबाहेर येतो, एक फूल तोडून हुंगतो आणि निघून जातो. त्याचें काम थोडेंच. हा बेला लुगोसी. १९३१ सालीं 'ड्रॅक्युला'च्या भूमिकेनें यानें सारें जग घाबरवून सोडलें होतें. उतारवयांत व्यसनानें व दारिद्र्यानें तो पार खचला, तेव्हां त्याला काम देणारा जो एक माणूस उरला होता तो वुड. १६ ऑगस्ट १९५६ रोजीं लुगोसी वारला. वुडपाशीं त्याची चित्रित केलेली थोडीशी फीत होती, पण कथा नव्हती. त्यानें त्या फितीभोंवतीं कथा रचली! उरलेल्या प्रसंगांसाठीं त्यानें आपल्या पत्नीच्या ओळखीचा, मणक्यांवर उपचार करणारा एक वैद्य उभा केला. हे वैद्यराज लुगोसीहून बरेच उंच. चेहऱ्यांत साम्य नांवाला नाहीं. म्हणून ते सबंध बोलपटभर काळ्या झग्याची बाही नाकापर्यंत धरून वावरतात. लोक येथें फार हंसतात. मीहि हंसलों. पण मेलेल्यांना उठवून चालविण्याची ती नववी मसलत मुळांत कोणाची होती, हें मला तेव्हां कळलें आणि माझें हंसूं थोडें ओठांतच राहिलें.

वाईट बोलपट तर दर शुक्रवारीं निघतात. त्यांचीं नांवेंसुद्धां आपण पुढच्या शुक्रवारपर्यंत लक्षांत ठेवीत नाहीं. मग हेच कां पाहावयाचे? मला वाटतें, कंटाळवाणें आणि फसलेलें यांत फरक आहे. दोन खुर्च्या व एक चहाचा पेला एवढ्यांवर ज्याची कथा भागते, त्या गरिबाचें दारिद्र्य झांकून जातें. परंतु ज्याला खिशांत दमडी नसतांना चंद्र दाखवावयाचा आहे, मंगळावरील राजसभा भरवावयाची आहे, त्याचें मन कोठवर पोंचलें होतें व हात कोठें थांबला, हें दोन्ही एकाच वेळीं पडद्यावर दिसतें. विज्ञानकथेच्या बोलपटांतच हा प्रकार विशेष आढळतो तो यामुळें.

येथें कोणी म्हणेल, आपल्या दशावतारांत तरी काय वेगळें आहे? तेथेंहि लांकडी सोंडेचा गणपति येतो. तमाशांतला कृष्ण एक गिरकी मारतो आणि गोकुळांतून मथुरेला पोंचतो. त्याला कोणी हंसत नाहीं. हा आक्षेप मीच मला घातला आणि दोन दिवस त्यावर विचार करीत होतों. रंगभूमीवर आपण आधींच करार केलेला असतो. नट म्हणतो, ही मथुरा समजा, आणि आपण बरें म्हणतों. कॅमेरा मात्र समजा असें म्हणत नाहीं. मी पाहिलें तेंच दाखवितों, अशी तो शपथ घेतो. मग पुठ्ठ्याचें थडगें हलतें तेव्हां तें नुसतें हलत नाहीं, साक्षीदार खोटा पडतो. ही फजिती टाळण्यासाठींच तर आपल्या मुंबईंत बाबूभाई मिस्त्री यांनीं १९३७ सालीं 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटांत काळ्या पडद्यापुढें काळ्या दोऱ्यानें वस्तू हलवून अदृश्य माणसाचे चमत्कार दाखविले व 'काला धागा' हें टोपणनांव मिळविलें. दोरा तोच. एकाचा दिसला नाहीं म्हणून त्याची कीर्ति झाली, दुसऱ्याचा दिसला म्हणून त्याची झाली.

सुटी संपेपर्यंत आम्हीं आजा-नातवांनीं असले आणखी चार बोलपट पाहिले. नातवाचे मित्रहि येऊं लागले, कारण हे बोलपट एकट्यानें पाहावयाचे नसतात. मध्येंच ओरडावें, चुका दाखवाव्या, पात्राला सल्ला द्यावा, यांतच मौज. अमेरिकेंत १९८८ सालीं मिनियापोलिस येथील एका स्थानिक दूरचित्रवाणीवर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम निघाला, त्याची सारी युक्ति हीच: एक माणूस आणि दोन यंत्रबाहुल्या अशा बोलपटांपुढें बसून अखंड टीका करीत आहेत. आमच्या माजघरांत तीच अवस्था होती. बाहुल्यांच्या जागीं नवव्या इयत्तेंतील सहा मुलें होतीं, एवढेंच.

त्यांतील 'रोबोट मॉन्स्टर' मला विसरतां येत नाहीं. १९५३ सालचा हा बोलपट फिल टकर या पंचविशीच्या तरुणानें सुमारें सोळा हजार डॉलरांत आणि चार दिवसांत उरकला. त्याला हवा होता यंत्रमानव. यंत्रमानवाचा पोषाख परवडेना. तेव्हां गोरिलाचें कातडें स्वतःच बाळगून असणारा एक नट त्यानें गांठला आणि त्या केसाळ अंगावर पाणबुड्याचें शिरस्त्राण चढवून दिलें. झाला परग्रहवासी! गुहेच्या तोंडाशीं मेजावर त्याचें यंत्र आहे व त्यांतून साबणाचे फुगे निघतात. कां निघतात हें कोणीं सांगत नाहीं. पण फुगे काढणाऱ्या यंत्राचा उल्लेख आरंभींच्या नामावळींत आदरपूर्वक केलेला आहे. याचें संगीत मात्र कान टवकारून ऐकावें असें आहे. तें देणारा एल्मर बर्नस्टीन हा तेव्हां तरुण होता. पुढें १९५६ च्या 'टेन कमांडमेंट्स'ला त्यानेंच संगीत दिलें आणि १९६७ सालच्या एका चित्रपटासाठीं त्याला ऑस्कर मिळालें.

या केसाळ प्राण्याला वरून आज्ञा आहे: पृथ्वीवर आतां आठच माणसें उरलीं आहेत, त्यांना ठार कर. त्यांतल्या एका मुलीवर त्याचें मन बसतें. आज्ञा मोडतां येत नाहीं आणि हात उचलवत नाहीं. तो उन्हांत टेकड्यांवरून खालीं-वर चालत राहतो व स्वतःशींच विचारतो कीं, केलेंच पाहिजे आणि करवत नाहीं, या दोन रेघा आलेखावर कोठें मिळतात? शब्द अजागळ आहेत. शिरस्त्राण तर त्याहून अजागळ. परंतु हाच प्रश्न कुरुक्षेत्रावर रथांत बसून कोणीं विचारला होता, हें आम्हां मराठी शिक्षकांस सांगावयास नको. मुलें हंसत होतीं, मी गप्प होतों. तीं म्हणालीं, "आजोबांना झोंप लागली."

झोंप लागली नव्हती. त्याच दिवशीं सकाळीं नातवानें मला एका नटाची हकीकत वाचून दाखविली होती आणि ती मनांत घोळत होती. 'द जायंट क्लॉ' हा १९५७ सालचा बोलपट. त्यांत अंतराळांतून आलेला एक प्रचंड पक्षी विमानें गिळतो. नायकाचें काम जेफ मॉरो या चांगल्या नटानें केलें होतें. काम करतांना तो पक्षी कोणींच पाहिलेला नव्हता. आकाशाकडे पाहून घाबरा, एवढेंच नटांना सांगितलेलें. पक्षी नंतर मेक्सिकोंत स्वस्तांत करवून घेण्यांत आला. मॉरो आपल्या गांवच्या चित्रपटगृहांत स्वकीयांबरोबर बोलपट पाहावयास बसला. पक्षी पडद्यावर आला: लांबलचक मान, बटबटीत डोळे, डोक्यावर केसांचा झुबका. सारें गृह हंसूं लागलें. मॉरो खेळ संपण्यापूर्वींच, कोणी ओळखूं नये म्हणून, अंधारांतून हळूच घरीं निघून गेला.

अशा अंधारांतून निघून गेलेल्या एकाला मी ओळखतों.

१९६९ सालीं मी एका लहान गांवच्या शाळेंत नववींत होतों. त्याच्या आदल्या वर्षीं जत्रेच्या तंबूंत आम्हीं 'चाँद पर चढाई' हा १९६७ चा हिंदी चित्रपट पाहिला होता. दारासिंग चंद्रावर जातो आणि तेथील चमत्कारिक प्राण्यांशीं कुस्ती खेळतो. चंद्रावर गेल्यावरहि दारासिंगानें दुसरें काय करावयाचें? आज पाहिला तर त्यांतील हरएक खिळा मला दिसेल. पण त्या रात्रीं खालच्या थंडगार मातीवर बसून पाहतांना आम्हांला कोणालाच हंसूं आलें नाहीं. आम्ही श्वास रोखून चंद्रावर होतों. पुढें जुलै १९६९ मध्यें माणूस खरोखरच चंद्रावर उतरला आणि माझ्या शेजारीं बाकावर बसणाऱ्या सोबत्याला वेड लागलें. त्यानें स्नेहसंमेलनासाठीं 'चंद्रावर स्वारी' हें नाटक लिहिलें.

नाटकापेक्षांहि यान महत्त्वाचें होतें. कामट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर खळीनें चिकटविलेले बदामी कागद आणि सर्वांत वर चहाच्या पेट्यांतील चंदेरी कागद. तो कागद जमविण्यासाठीं दोन महिने तो बाजारपेठेंतील दुकानांचे उंबरे झिजवीत होता. आढ्याला विहिरीचा रहाट बांधला; पडद्यामागून चौघांनीं सोल ओढावयाचा आणि यान त्याला आंत घेऊन वर जावयाचें, अशी योजना. मी चंद्राच्या राजाचा प्रधान होतों. आत्याची जरीची शाल पांघरून एका कोपऱ्यांत उभा होतों.

यान उठलें. कमरेइतकें वर गेलें आणि अडकलें. मग तें हळूहळू एका बाजूस कललें, खालचा कागद टरकन् फाटला आणि खड्या विजारींतले त्याचे दोन पाय बाहेर लोंबूं लागले. एक क्षण शांतता होती. नंतर पालक, शिक्षक, मागच्या चटयांवरील गांवकरी, सारे एकदम हंसले. आंतून त्याचें भाषण चालूंच होतें. पृथ्वी आतां लहान दिसते आहे, समुद्र निळे दिसत आहेत, असें तो सांगत होता. आवाज थोडा कांपत होता, पण त्यानें एक शब्द गाळला नाहीं. आणि मीं काय केलें? लोक हंसत आहेत हें पाहून मला स्फुरण चढलें. मीं त्या लोंबत्या पायांना वांकून मुजरा केला. सभागृह कोसळलें. मला इतकी टाळी त्यापूर्वीं कधीं मिळाली नव्हती; त्यानंतरहि नाहीं.

तो मागच्या दारानें घरीं गेला. दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला, पण दुसऱ्या बाकावर बसला. पुढें आमचें बोलणें सुरू झालें, लग्नकार्यांत भेटी झाल्या, एकमेकांच्या मुलांचीं नांवें पाठ झालीं. त्या रात्रीचा विषय मात्र दोघांनींहि कधीं काढला नाहीं. नाटक त्यानें पुन्हां लिहिलें नाहीं.

त्या नाटकावर तरी एकच रात्र हंसलें गेलें. एडवर्ड वुडचें तसें नाहीं. त्याचे बोलपट चालले नाहींत. तो दारूच्या आहारीं गेला, पोटासाठीं हलक्या प्रतीचें लिखाण करीत राहिला. १९७८ च्या डिसेंबरांत त्याला भाड्याच्या बिऱ्हाडांतून बाहेर काढण्यांत आलें आणि अवघ्या कांहीं दिवसांत, १० तारखेस, एका स्नेह्याच्या घरीं चौपन्नाव्या वर्षीं तो मरण पावला. दोनच वर्षांनीं, १९८० सालीं, मेडवेड बंधूंनीं एका पुस्तकांत त्याच्या या बोलपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट आणि त्याला सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून गौरविलें. थट्टेनेंच. परंतु त्या थट्टेमुळें लोक तो शोधून पाहूं लागले, रात्रींचे खेळ होऊं लागले, आणि १९९४ सालीं टिम बर्टन यानें वुडच्या आयुष्यावरच एक चांगला बोलपट काढला. त्यांत लुगोसीचें काम करणाऱ्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालें. लुगोसीच्या सोंगाला तें मिळालें, लुगोसीला कधीं मिळालें नव्हतें. वुडला यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. तो जिवंत असतां तर आनंदला असता, कीं मॉरोसारखा अंधारांतून उठून गेला असता? मी पुष्कळ विचार केला. कधीं एक वाटतें, कधीं दुसरें.

अलीकडे मुद्दाम वाईट बोलपट काढण्याचीहि टूम निघाली आहे. २०१३ सालचा 'शार्कनेडो' नातवानें मला दाखविला. वावटळींत सांपडलेले शार्क मासे शहरावर पडतात व माणसांना खातात. तो पाहतांना मला खरोखरच झोंप लागली. त्याच्या कर्त्याला आपण काय करतों आहों हें पुरतें ठाऊक आहे आणि तो आपल्याकडे पाहून सारखा डोळे मिचकावतो. माझ्या सोबत्यानें यानांतून लोंबतांना एकदां जरी डोळा मिचकावला असता, तर आज साडेचार तपें उलटून गेल्यावर ते दोन पाय माझ्या डोळ्यांपुढें आले नसते.

सुटीच्या शेवटच्या रात्रीं मीं त्याला दूरध्वनि केला. तो आतां पुण्याजवळ राहतो. विजेचीं उपकरणें दुरुस्त करण्याचें त्याचें दुकान मुलगा पाहतो. गणेशोत्सवांत मंडळांना हलते देखावे करून देण्याचें काम मात्र तो अजूनहि स्वतः करतो. मीं प्रथम त्याला त्या बोलपटाची हकीकत सांगितली: तबकड्या, न्हाणीघराचा पडदा, बाहीआडचे वैद्यराज. तो ऐकून घेत होता, हंसला नाहीं. मग मी अडखळत अडखळत त्या स्नेहसंमेलनाकडे वळलों. मनांत वाक्य जुळवून ठेवलें होतें. "त्या रात्रीं मीं जो मुजरा..." एवढें म्हणालों असेन, तोंच त्यानें मला तोडलें.

"सोलाला मध्यें गांठ होती रे," तो म्हणाला. "ती रहाटांत अडकली. मला लोंबत असतांनाच कळलें होतें. सलग सोल आणा म्हणून मीं सांगितलें होतें, पण पोरांनीं दोन तुकडे बांधून आणले." थोडा वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "वर जाणारच होतें तें. चांगलें बारा हात गेलें असतें."

मी पुन्हां माझ्या वाक्याकडे येऊं पाहत होतों, पण त्यानें विचारलें, "त्या तबकड्या डुगडुगतात म्हणालास. एका दोऱ्यावर टांगल्या आहेत कीं दोन?"

मला सांगतां येईना. हंसण्याच्या भरांत मीं तें पाहिलेंच नव्हतें.

"पाहून सांग," तो म्हणाला. "मी फोन धरून ठेवतों."

मीं नातवाला हांक मारली आणि बोलपट पहिल्यापासून लावावयास सांगितलें.